धावपटू डॉक्टरने शरीरक्रियाशास्त्राची जागा घ्यावी का?

वाचकाचे पत्र: मी नागपूरची आहे. यंदा एमबीबीएसची इंटर्नशिप पूर्ण झाली. शाळेपासून पंधराशे मीटर धावते, विद्यापीठाच्या संघातही होते. नीट-पीजीच्या रँकवर मला एमडी शरीरक्रियाशास्त्राची (फिजिऑलॉजीची) जागा मिळाली आहे. बाबा म्हणतात, ‘एवढं डॉक्टर होऊन शेवटी मास्तरकीच करायची का? एक वर्ष ड्रॉप घे, मेडिसिन मिळून जाईल.’ खेळाडूंच्या शारीरिक क्षमतेवर संशोधन करणारी प्राध्यापक व्हावे असे मला मनापासून वाटते. पण अशी व्यक्ती नेमके काय काम करते हे सांगणारे माझ्या ओळखीत कोणी नाही. नागपुरात राहून हे जमेल, की दिल्ली, पतियाळा किंवा परदेश गाठावा लागेल? आणि बाबांना काय सांगू? जॉइनिंगला थोडेच दिवस उरले आहेत.
— एक धावपटू डॉक्टर

उत्तर: तुम्ही ही जागा स्वीकारावी असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र मेडिसिन हुकले म्हणून ती घेऊ नका. इंटर्नशिपच्या वर्षात वॉर्डातला राऊंड, रुग्णाची नाडी, त्याचे बरे होऊन घरी जाणे यांत तुमचे मन रमले असेल आणि केवळ मैदानाच्या ओढीने तुम्ही शरीरक्रियाशास्त्राकडे वळत असाल, तर वडिलांचे म्हणणे ऐकून वर्षभर पुन्हा अभ्यास करणे अधिक योग्य ठरेल. उलट, धावताना शेवटच्या तीनशे मीटरमध्ये पाय जड का होतात, हा प्रश्न जर शर्यत संपून घरी आल्यावरही तुमचा पिच्छा सोडत नसेल, तर तुमची जागा याच विभागात आहे. तुमच्या पत्राच्या सुरावरून मला दुसरी शक्यता अधिक वाटते.

प्राध्यापकाच्या दिवसाविषयी आधी सांगतो, कारण त्याबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. वैद्यकीय महाविद्यालयातील शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकाचा बराचसा वेळ एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी खर्च होतो. सकाळी व्याख्यान, मग तुकड्या पाडून प्रात्यक्षिके, हिमोग्लोबिन मोजण्यासाठी साहलीच्या नळीत रक्ताचा रंग जुळवणारी मुले, रक्तदाब मोजताना कानातली नळी उलटी लावणारी मुले, जर्नलवर सह्या, अंतर्गत परीक्षा, तोंडी परीक्षा, समित्यांच्या बैठका. या वेळापत्रकात खेळाडू कुठेच दिसत नाही. बहुतेक महाविद्यालयांत क्रीडाक्षमतेसाठी वेगळे पद नसते. शरीरक्रियाशास्त्राच्या पदावर काम करतच ते क्षेत्र स्वतःच्या हिमतीने उभे करावे लागते. ज्यांना शिकवण्याचा कंटाळा आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये, हे मी कोणताही आडपडदा न ठेवता सांगतो.

परंतु त्याच प्रयोगशाळेच्या कपाटात एक यंत्र असते, त्याकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे. पहिल्या वर्षी तुम्हीही त्यावर प्रयोग केला असेल: मोसोचा अर्गोग्राफ. हात पट्ट्यांनी बांधलेला, मधल्या बोटाला दोरीचा फास, दोरीच्या टोकाला दोन-तीन किलोचे वजन आणि ठरावीक तालावर ते वजन उचलत राहायचे. प्रत्येक उचलीची नोंद करणाऱ्या फिरत्या ड्रमवरच्या रेघा सुरुवातीला उंच असतात, मग हळूहळू ठेंगण्या होत जातात आणि अखेर बोट हलेनासे होते. दंडाला पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबवला की हा क्षण किती तरी लवकर येतो. शेजारच्या मित्राने ओरडून प्रोत्साहन दिले की थकलेले बोट पुन्हा काही वेळ वजन उचलते. ट्यूरिनचे अँजेलो मोसो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे यंत्र वापरून दाखवले की बौद्धिक श्रमाने थकलेल्या माणसाच्या स्नायूंचे कामही घटते. थकवा स्नायूत असतो की मेंदूत, हा वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. विद्यार्थी हा प्रयोग जर्नलमध्ये उतरवून विसरून जातात. तुमच्यासारखीने मात्र तो विसरण्याचे कारण नाही, कारण तुमच्या शेवटच्या तीनशे मीटरचा प्रश्न त्याच ड्रमवर उमटलेला असतो.

दुसरे उदाहरण हार्वर्ड स्टेप टेस्टचे. वीस इंचांच्या लाकडी पायरीवर मिनिटाला तीस वेळा, जास्तीत जास्त पाच मिनिटे चढउतार करायची आणि मग विश्रांतीत नाडी किती वेगाने खाली येते ते मोजायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही चाचणी हार्वर्डच्या ज्या प्रयोगशाळेत तयार झाली, ती थकव्याचा अभ्यास करण्यासाठी १९२७ साली सुरू झाली होती आणि १९४७ साली बंद पडली. केवळ वीस वर्षे चाललेल्या त्या प्रयोगशाळेतील माणसे नंतर जिथे जिथे गेली तिथे व्यायाम-शरीरक्रियाशास्त्राचे विभाग उभे राहिले. एक पायरी, एक घड्याळ आणि नाडीवर ठेवलेली बोटे एवढ्या सामग्रीवर गंभीर काम होऊ शकते, हे लक्षात ठेवा. आमच्याकडे यंत्रे नाहीत म्हणून संशोधन नाही, ही तक्रार तुम्हाला पुढे वारंवार ऐकू येईल.

तुमच्यासारखे धावणारे शास्त्रज्ञ यापूर्वी झाले आहेत. ए. व्ही. हिल हे मूळचे गणिताचे विद्यार्थी. स्नायूंत निर्माण होणाऱ्या उष्णतेवरील कामासाठी त्यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक ओटो मायरहोफ यांच्यासोबत विभागून मिळाले. त्याच सुमारास ते स्वतः मैदानावर धावत, श्वासातून बाहेर पडणारी हवा पाठीवरच्या पिशवीत गोळा करत आणि तिचे पृथक्करण करत. वेग वाढवत नेला तरी एका मर्यादेनंतर शरीराचा प्राणवायूचा वापर वाढत नाही, ही कल्पना त्या कामातून रुजली. दुसरे रॉजर बॅनिस्टर. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डमध्ये त्यांनी एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पार केला, तेव्हा ते वैद्यकाचे विद्यार्थी होते आणि जादा प्राणवायू असलेल्या हवेत माणूस किती काळ धावू शकतो यावर त्यांनी ट्रेडमिलवर प्रयोगही केले होते. पुढे ते मज्जाविकारतज्ज्ञ झाले. आपल्याकडे अवतार सिंग पेंटल यांनी फुप्फुसांतील जे-रिसेप्टर (संवेदना टिपणारी मज्जातंतूंची टोके) शोधले आणि श्रम करताना लागणारी धाप व स्नायूंना आपोआप बसणारा लगाम यांचा संबंध मांडला. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी दीर्घ काळ काम केले. रुग्ण तपासत नाही म्हणून हिल किंवा पेंटल यांचे काम दुय्यम ठरले नाही.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. कमाल प्राणवायू-वापराची चाचणी लोक व्हिडिओत पाहतात तेव्हा त्यांना मुखवटा घातलेला खेळाडू आणि पडद्यावरचे आलेख दिसतात. त्याआधीचा तास दिसत नाही. वायू-विश्लेषक यंत्र ज्ञात प्रमाणाच्या वायूवर जुळवून घ्यावे लागते, खोलीचे तापमान आणि हवेचा दाब नोंदवावा लागतो, खेळाडूने आदल्या दिवशी काय सराव केला, रात्री किती झोप झाली, सकाळी काय खाल्ले हे विचारून लिहावे लागते. ट्रेडमिलचा वेग किंवा चढ टप्प्याटप्प्याने वाढवत नेताना शेवटच्या दोन मिनिटांत खेळाडूच्या चेहऱ्याकडे आणि ईसीजीकडे एकाच वेळी पाहावे लागते, कारण थांबायचे कधी याचा निर्णय तुमचा असतो. त्यानंतर बोटाच्या किंवा कानाच्या पाळीच्या टोकावरून रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेट, म्हणजे जोरदार श्रमात स्नायूंतून रक्तात उतरणारे द्रव्य, मोजायचे. एवढे करून कमाल प्राणवायू-वापराचा जो आकडा हाती येतो त्याचा अर्थ लावणे, हे खरे प्राध्यापकाचे काम आहे. सर्वसाधारण तरुण पुरुषात तो दर किलो वजनामागे मिनिटाला ३५ ते ४५ मिलिलिटर असतो, जागतिक दर्जाच्या लांब पल्ल्याच्या धावपटू पुरुषांत तो ७० ते ८५ पर्यंत जातो, स्त्रियांत दोन्ही आकडे काहीसे कमी असतात. पण ज्या दहा धावपटूंचा आकडा जवळपास सारखा आहे, त्यांच्यात कोण जिंकेल हे त्यावरून कळत नाही. ठरावीक वेगाला कोणाचे शरीर कमी प्राणवायू खर्चते आणि कोणाच्या रक्तात लॅक्टेट उशिरा चढू लागते, यावर बरेच ठरते. प्रशिक्षकाला हे आलेखाच्या भाषेत सांगून उपयोग नसतो. ‘हिचा सोपा सराव जरा जास्त वेगाने होतो आहे, तो कमी करा’ असे एक वाक्य त्याच्या हाती द्यावे लागते, आणि ते वाक्य चुकीचे निघाले तर तो पुन्हा तुमच्याकडे येणार नाही.

गुडघा, अस्थिबंध, शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन यांत तुम्हाला रस असेल, तर ती क्रीडावैद्यकाची वेगळी शाखा आहे आणि तिचा विचार स्वतंत्रपणे करा. शरीरक्रियाशास्त्र हे निरोगी शरीर कसे चालते आणि ताणाखाली कसे वागते याचे शास्त्र आहे.

नागपुरात राहून जमेल का, या प्रश्नावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण येथे तुमच्या मनातले चित्र बदलावे असे मला वाटते. उच्च दर्जाची उपकरणे आणि राष्ट्रीय संघातील खेळाडू पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत अधिक सहज मिळतील. दिल्लीत संरक्षण संशोधन संघटनेची शरीरक्रियाशास्त्राची संस्था उंची, थंडी आणि उष्णतेत सैनिकांच्या शरीरावर काम करते. एमडीनंतर अशा ठिकाणी काही काळ जाऊन शिकणे तुमच्या हिताचे आहे. परंतु आयुष्यभर पुरेल असा प्रश्न शोधण्यासाठी विदर्भाबाहेर जाण्याची गरज नाही.

पहिला प्रश्न उन्हाचा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि तरीही रविनगरच्या किंवा मानकापूरच्या मैदानावर पहाटे मुले धावत असतात. शरीर उष्णतेला सरावते हे सर्वांना ठाऊक आहे. ते कसे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. रोज उन्हात माफक श्रम केले, तर पहिल्या काही दिवसांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, त्याच वेगाला नाडी कमी पडते, घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून जाणारे मीठ कमी होते. बहुतेक बदल दहा ते चौदा दिवसांत पूर्ण होतात आणि उन्हापासून दूर राहिल्यास काही आठवड्यांत ओसरतात. म्हणजे सुट्टीत थंड गावी राहून परतलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी जुन्या वेगाने धावायला लावणे धोक्याचे आहे. श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि खेळाडू बरळू लागतो किंवा कोसळतो. अशा वेळी रुग्णवाहिकेची वाट पाहत बसण्याऐवजी त्याला जागेवरच बर्फाच्या पाण्यात बसवून तापमान उतरवणे हा उपाय जीव वाचवतो. ही माहिती मैदानावरच्या प्रत्येक प्रशिक्षकाला असायला हवी, आणि ती त्याच्यापर्यंत पोहोचवणारी व्यक्ती तुम्ही होऊ शकता.

दुसरा प्रश्न सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा, आणि माझ्या मते तो तुमची वाट पाहतो आहे. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, तेव्हापासून विदर्भात या आजाराची चर्चा आहे. ज्यांना आजार नाही, पण जनुकाची एक प्रत आहे असे वाहक सहसा संपूर्ण निरोगी आयुष्य जगतात आणि त्यांतले कितीतरी मैदानावर धावतात. अमेरिकेत मात्र अतितीव्र सरावात काही वाहक खेळाडू आणि सैनिक कोसळल्याच्या घटनांनंतर २०१० पासून तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने आपल्या वरच्या श्रेणीत तपासणी सुरू केली. पुढे २०१६ साली अमेरिकी सैन्यातील कृष्णवर्णीय सैनिकांच्या मोठ्या अभ्यासात वाहकांचे मृत्यू अधिक आढळले नाहीत, परंतु स्नायूपेशी फुटून त्यातील द्रव्ये रक्तात उतरण्याचा धोका काहीसा अधिक आढळला. हे निष्कर्ष जसेच्या तसे गडचिरोली-चंद्रपूरच्या मुलांना लावता येत नाहीत: भारतात आढळणारा सिकलसेलचा जनुकीय प्रकार आफ्रिकी वंशाच्या लोकांतील प्रकारांहून वेगळा आहे, आपल्या मुलांचा आहार वेगळा आहे आणि आपले ऊन वेगळे आहे. मग आपल्या वाहक मुलांनी मे महिन्यात सराव कसा करावा, विश्रांती किती घ्यावी, पाणी किती प्यावे, हे मोजून सांगणारे काम येथेच व्हायला हवे.

या कामात मोजमापाहून मोठी जबाबदारी आहे. सिकलसेलचा अहवाल हा विदर्भात केवळ वैद्यकीय कागद नसतो; त्यावरून मुलीचे लग्न मोडते, घराकडे बोट दाखवले जाते. म्हणून एखाद्या धावपटूचा अहवाल प्रशिक्षकाच्या हाती देण्यापूर्वी तिची संमती, गुप्ततेची हमी आणि ‘वाहक आहेस म्हणून धावायचे नाही’ असे कोणीही म्हणणार नाही याची तजवीज तुम्हाला करावी लागेल. महाविद्यालयाची नैतिकता समिती हे विचारेलच. ती विचारण्याआधी तुमच्याजवळ उत्तर तयार असावे.

तिसरा गट पोलीस भरतीच्या मुलामुलींचा. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर धावायचे असते आणि त्यासाठी खेड्यापाड्यांतून आलेली हजारो तरुण मंडळी भाड्याच्या खोल्यांत राहून, अनेकदा अपुऱ्या जेवणावर सराव करतात. त्यांच्यासाठी शर्यत म्हणजे घराची मिळकत असते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. हिमोग्लोबिन घटले की प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते, आणि आठशे मीटरच्या धावपटू मुलीला प्रशिक्षक ‘दम कमी आहे, अजून धाव’ म्हणत असतो. रक्तातील लोहाचा साठा तपासणे आणि तो भरून आल्यावर तिची वेळ किती सुधारते हे नोंदवणे, इतका साधा प्रबंध मी तुम्हाला आज सुचवू शकतो. त्याला परदेशी यंत्र लागत नाही, नमुना मैदानावरच मिळतो आणि निष्कर्ष दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी उपयोगी पडतो.

आता वडिलांसाठी. त्यांना प्रथम पैशाचे खरे सांगा. रुग्णसेवेची प्रॅक्टिस नसल्यामुळे तुमचे उत्पन्न नामांकित फिजिशियनच्या जवळपासही जाणार नाही. पगार हाच मुख्य आधार राहील. त्याच्या बदल्यात रात्रपाळ्या नाहीत. सध्याच्या नियमांनुसार एमडीनंतर एक वर्ष सीनियर रेसिडेंट, मग सहायक प्राध्यापक, त्यानंतर सर्वसाधारणपणे चार वर्षांनी सहयोगी आणि आणखी तीन वर्षांनी प्राध्यापक, असा क्रम आहे. मधल्या प्रत्येक टप्प्यावर शोधनिबंध प्रकाशित असावे लागतात. शासकीय पदासाठी राज्य लोकसेवा आयोगाची निवड लागते आणि नेमणूक नागपुरातच मिळेल असे नाही. गोंदिया, चंद्रपूर, अकोला, यवतमाळ यांपैकी कुठेही जावे लागू शकते. ‘मास्तरकी’ या शब्दाने तुम्ही दुखावल्या आहात, हे पत्रात दिसते. त्यावर वाद घालू नका. त्यांना एवढेच विचारा, की मेडिसिनच्या ज्या डॉक्टरांचा त्यांना आदर वाटतो, त्यांना हृदयाचे काम पहिल्यांदा कोणी शिकवले. वडील चिंतेतून बोलत आहेत. आकडे आणि टप्पे समोर आले की चिंता थोडी खाली बसते.

जागा स्वीकारून नंतर सोडल्यास दंड भरावा लागतो, म्हणून जॉइन होण्याआधी त्या विभागात एक पूर्ण दिवस घालवा. वडिलांनाही बरोबर न्या. विभागप्रमुखांना विचारा, की प्रबंधासाठी मैदानावरचा विषय घेऊ देतील का, विभागातील कोणी व्यायामाच्या विषयावर काम केले आहे का, पॅथॉलॉजी आणि मेडिसिन विभाग रक्ततपासणीत व ईसीजीत साथ देतात का, आणि संख्याशास्त्रज्ञ पहिल्या सहा महिन्यांत भेटू शकतात की शेवटच्या महिन्यात. कनिष्ठ निवासी विद्यार्थ्यांशी विभागप्रमुखांच्या माघारी बोला. उत्तरे समाधानकारक असतील तर जॉइन व्हा. विभागात कोणालाच विषयात रस नाही असे दिसले, तर प्रवेशाच्या पुढच्या फेरीत दुसऱ्या महाविद्यालयातील शरीरक्रियाशास्त्र मागा. शाखा बदलू नका.